भिंतीला ठिगळ

मला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, ही गोष्ट लग्न ठरतानाच मी सासरेबुवांच्या कानावर घालायला हवी होती. त्यांनी पगार विचारला, पेन्शन आहे का विचारलं, दिवसाला चहा किती लागतो तेही आडून आडून काढून घेतलं. खिळ्याचं कोणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगण्याइतका मी भोळा नव्हतो. पुढे चाळीस-बेचाळीस वर्षं हे गुपित बाहेर फुटलं नाही, याचं कारण आमच्या घरात खिळा ठोकायचं काम निघालं की मला नेमका कणकणीचा ताप येत असे.

पण माणसाला निवृत्तीनंतर फार वेळ असतो. आणि बायको नाशिकला गेली की तो वेळ दुप्पट होतो.

मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सौ. दहा दिवसांसाठी नाशिकला गेली. जाताना नेहमीच्या सूचना झाल्या. गॅस बंद करा, दूध उतू घालवू नका, कामाच्या बाईंशी राजकारणावर बोलू नका. शेवटी दाराशी चपला घालता घालता एकदा दिवाणखान्यातल्या भिंतीकडे पाहून म्हणाली, "आणि तिकडे हात लावू नका." तिकडे म्हणजे कुठे, हे मला विचारावं लागलं नाही.

या भिंतीचा थोडा इतिहास सांगायला हवा. आमचा हा फ्लॅट पुण्यातला, 1989 सालचा. तेव्हापासून आमच्या घरातल्या सर्व भिंती क्रीम रंगाच्या. त्याला माझ्याकडे भक्कम कारणं होती. क्रीम रंगावर डाग दिसत नाही, तो कधी जुना होत नाही आणि (हे खरं कारण) रंगाऱ्याने तो सर्वांत स्वस्तात देऊ केला होता. हिला एक भिंत हिरवी हवी होती. मी "बघू" म्हणालो. दर चार-पाच वर्षांनी रंग काढायची वेळ आली की ही म्हणायची, "या खेपेला एक भिंत हिरवी?" आणि मी म्हणायचो, "बघू." असं आम्ही तीस वर्षं बघत होतो.

2019 साली मुलाचं लग्न ठरलं आणि एके दिवशी मी बँकेतून घरी आलो तो दिवाणखान्यात दोन पोरं शिडीवर चढून भिंतीला कागद चिकटवत होती. हिने शिवणाच्या क्लासचे साठवलेले पैसे काढले होते. पंचवीस वर्षं घरी क्लास घेतले तिने. अर्ध्या पेठेतल्या मुलींना ब्लाउज बेतायला शिकवले. मला एका शब्दाने न विचारता, एकटीने दुकानात जाऊन, कॅटलॉग चाळून तिने तो वॉलपेपर आणला होता. हिरवी पानं, लाल डाळिंबं आणि प्रत्येक डाळिंबाच्या दोन्ही अंगांना एकमेकांकडे बघणारे दोन पोपट. मी चपला काढत होतो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ही भिंत माझी. उरलेल्या तीन तुमच्या."

त्या दिवसापासून भिंतीवरचा खिळा गेला. खिळा गेला म्हणजे कालनिर्णय गेलं. कालनिर्णय 1973 पासून निघतं आहे, आणि त्याची जागा भिंतीवर, हे तर त्याच्या जाहिरातीनेच सगळ्या महाराष्ट्राला शिकवलं. आमच्याकडे मात्र ते स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला गेलं. चतुर्थी कधी आहे ते पाहायचं तर आधी दार लावून घ्यायचं. दार लावलं की आतून प्रश्न येतो, "काय खाताय?" मी डबा शोधत नसून चतुर्थी शोधतोय यावर कोण विश्वास ठेवणार?

तर ही नाशिकला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मनात विचार आला की, एक लहानसा खिळा. माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. वर कालनिर्णय आलं की खिळा दिसणारच नाही. दहा दिवसांपुरतं. ही यायच्या आदल्या दिवशी काढून टाकू. पोपटाच्या मानेजवळ, पानाच्या शिरेवर, मोहरीएवढं भोक. कोणाला कळतंय!

हातोडी सापडली नाही. म्हणून खलबत्त्यातला बत्ता घेतला.

पहिल्या ठोक्याला खिळा वाकला. दुसऱ्याला अंगठा. तिसऱ्या ठोक्याला भिंतीतून "भप्प" असा पोकळ आवाज आला, टेकलेल्या म्हाताऱ्याने खोकावं तसा. आमच्या बिल्डिंगचं प्लॅस्टर माझ्याच वयाचं झालंय. वरून तुकतुकीत, आत सुटलेलं. कागदाखाली एक पुरी टम्म फुगली. ती बसावी म्हणून मी बत्त्याने हलकेच थापटलं. तर पुरी फुटली, कागदाला उभी चीर गेली आणि आतलं प्लॅस्टर पिठीसारखं माझ्या पायावर सांडलं. मोहरीएवढ्या भोकाच्या जागी आता मोसंबं मावेल एवढा खड्डा होता.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी चिकटपट्टी आणली. लोंबणारे कागदाचे दोन ओठ जवळ आणून त्यावर आडव्या तीन पट्ट्या मारल्या. लांबून पाहिलं तर पोपटाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यासारखं दिसत होतं. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून पट्ट्या ओढून काढल्या, आणि पट्टीबरोबर कागदाचा वरचा छापील पापुद्रा सोलून आला. त्या पापुद्र्यावर चोच होती, डोळा होता, लाल गळपट्टी होती. भिंतीवर राहिलं ते मानेपासून खाली.

तेवढ्यात फोन. "घर कसं आहे?"

"मजेत आहे."

"घर मजेत आहे?"

"म्हणजे मी मजेत आहे. घर आहे तसंच आहे."

पलीकडे दोन सेकंद शांतता. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला या दोन सेकंदांइतकं भय कशाचंच वाटलेलं नाही.

आता काय करायचं? मला आठवलं, कागद लावून झाल्यावर त्या पोरांनी उरलेली गुंडाळी हिच्या हातात देऊन सांगितलं होतं, "जपून ठेवा काकू, कधीतरी लागेल." हिशेब मला पाठ होता, कारण बिल मी नंतर चोरून पाहिलं होतं. एक रोल एकवीस इंच रुंद आणि सुमारे तेहतीस फूट लांब. कोरा कागद असता तर पट्ट्या मोजून कापल्या की झालं. पण शेजारच्या पट्टीवरच्या अर्ध्या पोपटाला या पट्टीवरचा अर्धा पोपट जुळला पाहिजे, म्हणून प्रत्येक पट्टी वीतभर जास्त कापावी लागते. भिंतीला आठ पट्ट्या लागल्या, तीन रोल लागले, आणि एक अखंड पट्टी, दहा फुटांच्या वर, शिल्लक उरली होती. दहा फुटांत वीस पोपट तरी सहज! मी शिडी लावून माळ्यावर चढलो.

माळ्यावर पुठ्ठ्याची नळी होती. नळीत दीड फूट कागद होता.

बाकीचा कुठे गेला? मराठी मध्यमवर्गीय घरात उरलेला कागद कुठे जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी घरभर तपास केला. चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये एक तुकडा अंथरलेला होता. मसाल्याच्या फळीवर दुसरा. हिच्या भिशीच्या वहीला कव्हर घातलेलं होतं. एक मोठा तुकडा पुतणीच्या वास्तुशांतीला नेलेल्या मिक्सरवर गुंडाळून गेला, तो परत मागणं बरं दिसलं नसतं. आणि सर्वांत मोठा तुकडा, माझं मन मला खाऊ लागलं, मीच एका गणपतीत मखराच्या मागे लावला होता, वरून पानंबिनं कापून. तेव्हा आल्यागेल्यांनी आराशीची स्तुती केली होती आणि मी ती एकट्याने स्वीकारली होती.

जमा झालेले तुकडे जमिनीवर मांडून मी पोपटांची खानेसुमारी केली. शेपट्या भरपूर. पंख मुबलक. डाळिंबं तर बाजार मांडण्याइतकी. डोकी एकूण तीन. त्यांतलं मसाल्याच्या फळीवरचं पहिलं डोकं पिवळंधमक. त्या पोपटाला हळद लागलेली होती. दुसऱ्यावर तेलाच्या बाटलीचं गोल कडं. तिसरं, भिशीच्या वहीवरचं, अगदी स्वच्छ, टवटवीत, नाकीडोळी नीटस. पण ते डावीकडे बघत होतं. मला उजवीकडे बघणारं हवं होतं. माणसाला आपला फोटो उलटा लावून वेळ मारून नेता येते, कागदाच्या पोपटाला पाठ नसते.

भवानी पेठेत जाऊन आलो. दुकानदाराने भिशीची वही हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "साहेब, हे कॅटलॉग बंद होऊन जमाना झाला." मग सांत्वनाखातर त्याने ज्ञान दिलं. हाच कागद पुन्हा मिळाला असता तरी उपयोग नव्हता म्हणे. प्रत्येक रोलवर छपाईचा बॅच नंबर असतो. एका बॅचचा हिरवा दुसऱ्या बॅचच्या हिरव्याशी जुळेलच असं नाही. नवीन लावायची तर सगळी भिंतच लावा, असं म्हणून त्याने एक जाडजूड कॅटलॉग माझ्यापुढे उघडलं. किंमत पाहून मी मिटलं.

संकटात सापडलेला माणूस पूर्वी पोथी उघडत असे, आता मोबाईल उघडतो. मीही उघडला आणि मला दिसलं की भिंतीवरच्या कागदाने जगात माझ्याआधी बऱ्याच लोकांना छळलं आहे. इंग्लंडात 1712 सालापासून 1836 पर्यंत छापील वॉलपेपरवर चक्क सरकारी कर होता. लोक मग कोरा कागद घेऊन भिंतीला लावत आणि त्यावर नक्षी रंगवून घेत. हे वाचून इंग्रजांविषयी मला प्रथमच आपलेपणा वाटला. विल्यम मॉरिस हा वॉलपेपरमधला केवढा मोठा माणूस! 1862 साली त्याने आपलं पहिलं डिझाइन केलं. जाळीवर चढवलेल्या गुलाबाच्या वेली आणि मधूनमधून पक्षी. पण त्यातले पक्षी त्याचे नव्हेत. ते त्याने फिलिप वेब या आपल्या वास्तुविशारद मित्राकडून काढून घेतले. मला फार धीर आला. मीही त्या दिवशी सकाळी नातवाच्या रंगपेटीतून पोपटाचं डोकं काढून पाहिलं होतं. पहिलं कावळ्यासारखं झालं. दुसऱ्याचा चेहरा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींवर गेला.

पण खरी माझ्या जातीची बाई भेटली ती इंग्लंडात लीड्सजवळच्या टेम्पल न्यूसम नावाच्या वाड्यात. लेडी हर्टफर्ड. तिला तिकडच्या युवराजाने भेट दिलेला हाताने रंगवलेला चिनी वॉलपेपर तिने वीसेक वर्षं तसाच गुंडाळून ठेवला होता (म्हणजे उरलेला कागद जपून ठेवणारे आपणच नव्हे!) आणि 1827-28 च्या सुमाराला तो भिंतींना लावला. लावल्यावर तिला वाटलं, यात पक्षी कमी पडताहेत. मग बाईने काय करावं? ऑडुबॉनचं अमेरिकेतल्या पक्ष्यांचं पुस्तक त्या वेळी नुकतंच निघू लागलं होतं. त्यातले पक्षी तिने कात्रीने कापले आणि भिंतीवर चिकटवले. त्याच पुस्तकाची एक अखंड प्रत 2010 साली लंडनच्या लिलावात सत्तर लाख पौंडांच्या वर गेली. ते पक्षी भिंतीवर अजून आहेत.

मी हळूच कपाटाकडे पाहिलं. वरच्या फळीवर सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांचं पुस्तक होतं. हिला मुलाने वाढदिवसाला दिलेलं. मी ते उतरवलं. कात्रीही घेतली, खोटं कशाला सांगू. पोपटाचं पान उघडलं. पोपट सुरेख होता, उजवीकडे बघत होता, आणि माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. मी पुस्तक परत ठेवलं. नीतिमत्ता की काय म्हणतात ती बऱ्याचदा अशी आकाराच्या अडचणीमुळे टिकते.

शेवटी तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांना शरण गेलो. त्यांनी सरकारी खात्यात तीस वर्षं रस्त्यांचे खड्डे बुजवले. त्यांनी बुजवलेल्या खड्ड्यांतून मी तीस वर्षं स्कूटर चालवली होती, त्यामुळे जीव धसकला होता; पण माणूस भिंतीच्या बाबतीत रस्त्यापेक्षा हुशार निघाला. खड्ड्यापुढे उकिडवे बसून, चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "तुमची पहिली चूक खिळा. दुसरी चिकटपट्टी. तिसरी चूक अजून व्हायची आहे, ती होऊ देऊ नका. चौकोनी तुकडा कापाल तर मेलात."

"का बरं?"

"डोळ्याला सरळ रेघ लगेच दिसते. वेलीत, पानात, पक्ष्यात कुठे सरळ रेघ आहे का? पानाच्या कडेकडेने कापा. जोड पानाच्या शिरेत लपतो. जिथे पान नसेल तिथे कापू नका, हाताने फाडा. फाडलेल्या कागदाची कड पातळ होते, ती खालच्या कागदात मिसळून जाते. कापलेली कड उभी राहते." आणि मुख्य युक्ती त्यांनी शेवटी सांगितली. नवा तुकडा गरजेपेक्षा मोठा घ्यायचा, तो जखमेवर ठेवून नक्षीशी नक्षी जुळवायची, रंगारी वापरतात त्या कागदी पट्टीने तात्पुरता धरायचा, आणि धारदार ब्लेडने वरचा आणि खालचा दोन्ही कागद एकाच वेळी कापायचे. खालचा फाटका तुकडा काढून टाकला की त्या जागी वरचा बरोबर बसतो. बसलाच पाहिजे, कारण दोघांना एकाच ब्लेडने एकदमच कापलेलं असतं.

"पण डोकं कुठून आणू?" मी विचारलं.

त्यांनी दिवाणखान्यावरून नजर फिरवली आणि शोकेसवर थांबवली. "तिच्यामागे पोपट असतीलच की. ते कोण बघतंय?"

मला हे सुचलं नव्हतं! चार फूट रुंद शोकेस, तिच्यामागे बारा पोपट तरी नुसते अंधारात बसून होते. सरकारी कारकिर्दीत या माणसाने एका रस्त्याची खडी दुसऱ्या रस्त्याला कशी वापरली असेल ते माझ्या क्षणात लक्षात आलं, पण मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कामाच्या बाई आल्यावर म्हटलं, "जरा शोकेस सरकवायला हात लावा."

बाई केरसुणी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "राहू द्या काका. शोकेस नका सरकवू."

"का?"

"तुमच्या कमरेला होईल काहीतरी."

"कमरेचं मी बघतो."

"काकू आल्या की करू की." मला त्यांच्या आपुलकीचं कौतुक वाटलं. पण माझ्याकडे चारच दिवस उरले होते. नाचरी बाहुली, मुलाच्या बक्षिसांचे कप, आग्र्याचा ताजमहाल एकेक करून खाली उतरवले आणि दोघांनी मिळून शोकेस हातभर ओढली. मी बॅटरी घेऊन आत डोकं घातलं.

आत अकराच पोपट होते.

बाराव्याच्या जागी भिंत होती. उघडी, पांढरी भिंत. कागद कापून नेलेला. माझ्यासारखा ओरबाडून नव्हे. पानाच्या कडेकडेने, डाळिंबाच्या देठाला वळसा घालून, एकही कोपरा न ठेवता, ब्लाउजचा गळा बेतावा तसा कापून नेलेला. एवढा स्वच्छ हात आमच्या घरात एकाच व्यक्तीचा आहे.

मी बाहेर पाहिलं. बाई खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची टाकी फार लक्ष देऊन बघत होत्या.

"बाई, हे केव्हा झालं?"

"मला काय ठाऊक, काका?" आणि त्या भांडी घासायला आत गेल्या. त्या दिवशी भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

मी जमिनीवर बसलो. म्हणजे हिच्या हातूनही कधीतरी काही झालं होतं! शिडी लागली असेल, इस्त्री टेकली असेल, कुकर उडाला असेल. आणि तिने माझ्यासारखंच, एकटीने, मला कळू न देता ते निस्तरलं होतं. पहिल्यांदा मला हसू आलं. मग थोडा राग आला; एवढी वर्षं मला "हात लावू नका" म्हणणारी ही बाई! आणि मग, का कोण जाणे, वाईट वाटलं. स्वतःच्या पैशाने आणलेल्या स्वतःच्या भिंतीला स्वतःच्या हातून धक्का लागला, तर तिने लपवायचं कोणापासून? घरात दुसरं होतं कोण?

पण हा विचार करायला वेळ नव्हता. उजवीकडे बघणारा एक पोपट मी निवडला. गरम पाण्यात पिळलेला फडका त्याच्यावर दाबून धरला, मागची खळ मऊ पडली की पातळ सुरीने सोडवत सोडवत, श्वास रोखून, त्याला भिंतीवरून उतरवला. चांगला वीतभर, मानेखालच्या पानांसकट. आता निराळीच अडचण. शोकेसमागच्या पोपटाला इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं. तो कोवळ्या मिरचीसारखा हिरवा. बाहेरचे त्याचे भाऊबंद समोरच्या गॅलरीतल्या उन्हाने निवृत्तीला आलेले. मी त्याला चिमट्याने गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला. दोन दिवस आम्ही दोघं उन्हात बसलो. पोपट तसूभर फिका झाला नाही. मी मात्र काळवंडलो.

खड्डा पुट्टीने भरला, जुन्या एटीएम कार्डाने सपाट केला, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासला. खळ मैद्याची केली, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. आमच्या लहानपणी बाइंडर अशीच करायचे. ती शिजवायला हिची कुठलीही पातेली न वापरता पेंटचा रिकामा डबा वापरला, याची नोंद कोणीतरी घ्यावी. नक्षीवर नक्षी जुळवायला पाऊण तास गेला. ब्लेड फिरवलं तेव्हा हात थरथरत होता. एका पानाला मी जन्मात नव्हता तो बाक आला. खालचा तुकडा काढला, वरचा बसवला, मधून बाहेर असा मऊ फडक्याने दाबत गेलो. मागे सरकून पाहिलं. पोपटाला डोकं होतं. मान किंचित आखडलेली, रंग जरा जास्त तरुण, पण उजवीकडे बघत होता.

रविवारी सौ. आली. पिशव्या ठेवल्या, पाय धुतले, चहा घेऊन बरोबर त्या भिंतीसमोर बसली. मी वर्तमानपत्र धरलं. वर्तमानपत्र हलत होतं.

एक घोट. दुसरा घोट.

"शोकेस हलवली होतीत का?" ती म्हणाली. "बाहुली उलटी बसलीय."

"हो. मागचा केर काढून घेतला."

तिसरा घोट चांगला लांब झाला.

"बरीच धूळ होती?"

"छे. विशेष काही नव्हतं."

"हं," ती म्हणाली. मग पोपटाकडे पाहून, "याची मान धरलीय वाटतं."

"वय झालंय," मी म्हटलं.

"वयाच्या मानाने चेहरा टवटवीत आहे," असं म्हणून ती कप विसळायला उठली. विषय संपला. दोन दिवसांनी बाजारातून तिने भिंतीला न टोचता चिकटणारं एक आकडं आणलं आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या बाहेरच्या बाजूला लावून त्यावर कालनिर्णय अडकवलं. आता खुर्चीतून चतुर्थी स्पष्ट दिसते.

माझा पोपट कुठला ते तिला ठाऊक आहे. तिचा कुठला, ते मला अजून कळलेलं नाही. जोड कुठेतरी असणारच. भिंतीवर, छताजवळचे अर्धवट कापलेले सोडले तर, एकूण ऐंशी पोपट. शोकेसमागचे बारा वजा केले की अडुसष्ट. त्यातला माझा एक वगळून सदुसष्ट. दुपारी ही आत लवंडली की मी चष्मा आणि बॅटरी घेऊन एकेका पानाच्या कडेवरून बोट फिरवतो. काल वरून तिसऱ्या ओळीपर्यंत आलो होतो, स्टुलावर उभा होतो, पंखा बंद केला होता आवाज नको म्हणून. आतून झोपाळू आवाज आला,

"त्या ओळीत नाहीये, अहो. उतरा खाली."